रातचं पाणी

उमरीटोल्याच्या तलावाची माझी पहिली ओळख
एका निळ्या बर्फपेटीतली:
सहा बाटल्या, वाफेवर कोऱ्या केलेल्या,
प्रत्येकीच्या गळ्यात चिठ्ठी, तारीख, वेळ.
वेळ नेहमी एकच, सकाळचे साडेदहा.
जीप त्याआधी पोचत नाही
आणि प्रयोगशाळा चारला दार लावते.

साडेदहाचं पाणी सभ्य असतं.
कमळाची पानं, दोन पाणकोंबड्या,
पाळीवरच्या अर्जुनाची सावली.
अहवाल यायचा: मर्यादेत.
मी सही करायचो,
आणि ढिवरटोलीतली पोरं
शिंपल्यांचा रस्सा खाऊन रात्रभर ओकायची.

भागरता वलथरे छातीभर पाण्यात
तळव्यांनी चिखल चाचपत चालायची.
अंगठ्याला कड लागली की बुडी,
वर आली की टोपल्यात टण्.
त्या दिवशी टण् नव्हता.
तिनं माझ्या तळहातावर एक शिंपला ठेवला,
उघडा, आत राखाडी गाळ.
"तुह्या बाटलीले नाक नाही ना बापू.
रातचं पानी धर.
सकारी त पानीबी तोंड धुऊन बसते."

मी हसलो. पुढचे आठ दिवस
ते हसू घशात अडकलं.

नवव्या रात्री पाळीवर आम्ही दोघं,
तिच्या हातात बॅटरी, माझ्या हातात मीटर.
अडीचच्या सुमाराला मोरीखालून
उसन्या तांदळाच्या गिरणीचं पाणी आलं,
कोमट, आंबलेल्या पेजेच्या वासाचं,
त्याच्या पाठोपाठ अख्ख्या गावाची गटारं.
मीटरचा आकडा उतरत गेला,
पाऊण पॉइंटावर येऊन थांबला.
पाण्यात श्वास उरला नव्हता.
काठाला गोगलगायी वर चढत होत्या,
एकावर एक, वाळलेल्या दगडाकडे.

चिठ्ठीवर लिहिलं: रात्री २.४०.
दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतून फोन,
"वेळ लिहिताना चुकलात का, ढोमणे साहेब?"
म्हटलं, नाही. तीच आहे.

मग बोर्ड लावला: शिंपले काढण्यास मनाई.
भागरताला वाचता येत नाही.
तिनं त्यावर जाळं वाळत घातलं
आणि विचारलं, "कवापावतर?"
याचं उत्तर अंदाजपत्रकात नव्हतं.

अंदाजपत्रकात होतं:
तीन कुंड, एकाखाली एक,
वीस मिलिमीटरची गिट्टी, तिच्यावर कर्दळ,
गिरणीला वेगळी टाकी आणि झडपेला कुलूप.
प्रत्यक्षात गिट्टी आली चाळीसची, परत पाठवली.
कर्दळ लावली, बकऱ्यांनी खाल्ली.
पुन्हा लावली, बोराट्यांचं कुंपण घातलं.
गिरणीवाला म्हणाला, माझ्या आज्यानं पाळ बांधली आहे.
खरं होतं ते. मोरीही त्यानंच बांधली होती.
कुलपाची किल्ली कोणाकडे,
यावर ग्रामसभा दोन वेळा मोडली.
तिसऱ्या वेळी किल्ली भागरताच्या कमरेला.

एका दुपारी तिच्या अंगणात पाहिलं,
विहिरीच्या पाण्याची बादली, तळाशी चाळीसेक शिंपले,
सगळ्यांची तोंडं बोटभर उघडी.
"दोन दिस कोऱ्या पान्यात ठेवतो आमी,
पोटातला गार ओकतेत. सासूनं सांगितलं."
माझ्या पुस्तकात यावर एक अख्खं प्रकरण आहे,
आकृत्यांसह. मी परीक्षेत ते सोडून दिलं होतं.
तरी सांगावं लागलं:
गाळ ओकतात, बाई. या पाण्याचं सगळं नाही ओकत.
ती बराच वेळ बादलीकडे पाहत राहिली,
मग उचलून तलावात नेऊन ओतली.

आता दुसरं साल.
आकडे उतरतात, एखाद्या महिन्यात चढतात.
बोर्ड अजून आहे, जाळंही.
काल तिनं चिखलातून एक काढला,
नख फिरवून पाठीवरच्या वळ्या दाखवल्या:
दोन अगदी चिकटून, जणू दम कोंडलेल्या,
त्यांच्या पुढे एक नवी, अर्धीच,
जराशी सैल.
"ह्याले लिवता येते," ती म्हणाली,
आणि होता तिथंच, त्याच बाजूनं, परत रोवला.

आज रात्री अडीचला जायचं आहे.
बर्फ भरून ठेवला आहे.